कडक इस्त्रीची पोरगी

आमच्या शाळेला परदेशातून शिष्यवृत्ती वर्षातून एकदाच येते, पण तिचे किस्से बारा महिने येत राहतात. शिष्यवृत्ती एकाच पोराला मिळते, किस्से मात्र सगळ्या स्टाफरूमला पुरून उरतात!

नांदेडकडं, लोह्याच्या पुढं एका गावात मी मराठी शिकवते. आमच्या शाळेतून शिकून अमेरिकेत गेलेल्या दिवट्यांनी 'मायभूमी' नावाचा व्हॉट्सॅप ग्रुप काढलाय. दहावी झालेला एक 'गरीब व होतकरू' विद्यार्थी निवडायचा आणि अकरावी सायन्सला लातूरला पाठवायचा. खोली, मेस, क्लास, सगळा खर्च ग्रुपचा. बेत चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं माणसांबद्दल आहे.

*

ग्रुपचा अध्यक्ष बालाजी. न्यू जर्सीला असतो. माझ्याच हाताखालून गेलेला. दरवर्षी कोट-टाय घालून व्हिडिओ कॉलवर येतो (ग्रुपनं त्याला दुसऱ्या कशात पाहिलेलंच नाही) आणि पोरांना तेच भाषण ऐकवतो. "मुलांनो, मी अनवाणी शाळेत यायचो!"

याच्या बापाचं गावात चपला-बुटांचं दुकान होतं!

पुढचं वाक्यही ठरलेलं. "रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मी अभ्यास केला." आमचे हेडसर याच गावचे. ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "बाई, तवा गावात खांब तरी व्हता का?"

*

गेल्या वर्षी निवडलेल्या पोराला स्टेजवर थर्माकोलचा चेक दिला. चांगला दाराएवढा. फोटो झाले, टाळ्या झाल्या, पोरगं तो चेक घेऊन एस.टी.त चढायला गेलं. कंडक्टरनं दारातच अडवलं.

"ह्याचं हाफ तिकीट लागंल."

"काका, चेक हाय ह्यो. शिष्यवृत्तीचा."

"मंग ह्याच्यातूनच कापू का?"

खरे पैसे आले दिवाळीनंतर. तोवर पोराच्या खोलीचं भाडं मामानं भरलं. तो चेक सध्या त्यांच्या न्हाणीला दार म्हणून लावलाय, आणि मला विचाराल तर ग्रुपनं गावाला दिलेली तेवढीच टिकाऊ वस्तू आहे.

*

यंदा शाळेत पहिली आली प्रज्ञा. वडील मिलिंदभाऊ, स्टँडजवळ इस्त्रीचा गाडा लावतात. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. पोरीला डॉक्टर व्हायचंय. लातूरला गेली तर होईलही. नाही गेली तर घरी बसेल, आणि घरी बसलेल्या पोरीला आमच्याकडं वर्षाच्या आत पाहुणे बघायला येतात. तिच्यासाठी माझा जीव तुटत होता, उगाच कशाला लपवू?

तिचा व्हिडिओ काढून आम्ही डॅलसच्या मॅडमना पाठवला. मॅडमचे मिस्टर आमच्या गावचे, पण शिष्यवृत्तीचा शेवटचा शब्द मॅडमचा. माहेर पुण्याचं, गाव कधी पाहिलेलं नाही. त्यांचा मेसेज आला. "मुलगी हुशार आहे, पण गरीब वाटत नाही. युनिफॉर्मला केवढी कडक इस्त्री!"

मी गाड्यावर जाऊन हे मिलिंदभाऊंना सांगितलं. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि हसायलाच लागले.

"बाई, आमच्या घरात फुकट तेवढीच गोष्ट हाय!"

*

मग मॅडमनी इंटरव्ह्यू ठेवला. व्हिडिओ कॉलवर सगळा ग्रुप जमला. आधी सूचना आली, "मुलीला जरा कमी हसायला सांगा." मी सांगितलं नाही. दहावीला पहिली आलेल्या पोरीनं हसायचं नाही तर कुणी हसायचं?

बालाजीनं विचारलं, "बेटा, डॉक्टर झाल्यावर मायभूमीसाठी काय करणार?"

प्रज्ञा म्हणाली, "इथंच ऱ्हाणार."

स्क्रीनवर सगळे एकदम आपापला माईक तपासायला लागले! गावात राहिलेला एकही माणूस त्या ग्रुपमध्ये नव्हता. बालाजी पुटपुटला, "नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय," आणि कॉल बंद केला. आमच्याकडं चारी कांड्या फुल होत्या. प्रॉब्लेम न्यू जर्सीत!

*

अकरावीचे प्रवेश संपत आले तरी मॅडमचा होकार येईना. त्यातच जुलैत बालाजी स्वतः भारतात आला. ठरलं असं, की शाळेत कार्यक्रम घ्यायचा, प्रज्ञाचा फोटो ग्रुपवर टाकायचा आणि मॅडमनी तिथल्या तिथं काय ते सांगायचं.

आदल्या दिवशी हेडसर इस्त्रीच्या गाड्यावर गेले. मी सोबत होते. सर म्हणाले, "मिलिंदभाऊ, उद्या पोरीच्या ड्रेसला इस्त्री नका करू. होतकरू दिसली पाह्यजे."

मिलिंदभाऊंनी मान खाली घातली. "हाव सर," एवढंच म्हणाले. मला इतका राग आला, की येताना मी सरांच्या दहा पावलं पुढं चालत आले.

दुसऱ्या दिवशी बालाजी टी-शर्टवर आला. कोट नांदेडला हॉटेलात ठेवला होता, कारण स्टेजवर त्याला गावचा माणूस दिसायचं होतं. त्यासाठी खास कुर्ता आणलेला, पण बॅगेत त्याचा पार चोळामोळा झाला होता. हेडसरांनी तो घाईघाईनं मिलिंदभाऊंकडं पाठवला. "येताना प्रज्ञाच घेऊन येईल," म्हणाले.

प्रज्ञा आली. युनिफॉर्मला अशी कडक इस्त्री, की घडीवर बोट कापावं! हेडसरांचं तोंड उतरलं. तिनं पिशवीतून कुर्ता काढून त्यांच्या हातात दिला. गेला तसाच परत.

"अगं, इस्त्री कामून न्हाई केली?"

"पप्पा मनले, ज्याला होतकरू दिसायचंय त्याच्या कपड्याला इस्त्री करायची न्हाई. तुमीच सांगितलंय मनले."

मी खिडकीकडं तोंड करून हसले.

वेळ नव्हता. बालाजीनं तोच कुर्ता अंगात घातला. त्यात लाईट गेली. पत्र्याखाली दमट उकाडा, वर याचं अनवाणी पायांचं भाषण. घामानं केस कपाळाला चिकटले, खांदे पडले, तोंड एवढंसं झालं. त्याच अवतारात हेडसरांनी त्याला प्रज्ञाशेजारी उभं केलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. फोटोत पोरगी ताठ उभी राहून हसतेय, आणि शेजारी हा!

तेवढ्यात लाईट आली. माईक सुरू झाला आणि बालाजीचा मोबाईल वाजला. डॅलसचा मेसेज! बालाजीनं सगळ्यांना शांत बसायला सांगितलं, चष्मा पुसला आणि माईकवर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"मुलीकडे बघून वाटत नव्हतं. पण शेजारी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांकडे बघितलं आणि डोळेच भरून आले. बिचारे! मुलगी फायनल!"