रीडिंगभावोजींचं लोहचुंबक

रीडिंगभावोजींसमोर "आज काय ऊन आहे हो!" म्हणायची सोय नव्हती. लगेच विचारायचे, "किती?" आता मी काय उन्हाला थर्मामीटर लावून आले होते? पण त्यांना मत नको, रीडिंग हवं. जन्मभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होते, तेच अंगात भिनलेलं. आमच्या वाघोलीच्या सोसायटीत त्यांचं खरं नाव फक्त दारावरच्या पाटीला ठाऊक.

त्यांच्या बायकोचे, सुमनताईंचे, पाय आजारपणानंतर फार कोरडे पडले होते. त्यात आमच्याकडे टँकरचं जड पाणी. खाजवून खाजवून रक्त यायचं, झोप म्हणून नाही. डॉक्टर म्हणाले, क्रीम लावत राहा. पण लावलेलं क्रीम चादरीलाच पुसलं जायचं. तेवढ्यात त्यांच्या लेकीने एक दांडी पाठवली. चमच्याएवढी, टोकाला चपटं लोहचुंबक. क्रीम लावून ही फिरवली की ते कातडीत आत जातं म्हणे. सुमनताईंनी तिला हातसुद्धा लावला नाही. "माझे पाय आहेत हो, फ्रिजचं दार नव्हे."

"सिद्ध करून दाखवलं तर लावशील?" भावोजी म्हणाले.

"दाखवा. तोवर मी खाजवत बसते."

झालं! आम्ही तिघी मैत्रिणी प्रयोगाला धरल्या गेलो. डाव्या पायाला क्रीम आणि दांडी, उजव्याला क्रीम आणि नुसती बोटं. दांडी तिघींच्या घरी पाळीपाळीने फिरायची. दर रविवारी भावोजी दारात हजर. पायाला चिकटपट्टी लावायची, उचलायची, काळ्या कागदावर चिकटवायची आणि कोंडा किती निघाला ते भिंगातून बघायचं. आमचे हे म्हणाले, "तुझे पाय इतके निरखून मीसुद्धा कधी पाहिले नाहीत."

पंधरा दिवसांत तिघींचा डावा पाय लोण्यासारखा! भावोजी नाचायचेच बाकी होते. पण सुमनताईंना सांगण्याआधी मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही नेमकं लावता कसं ते एकदा बघतो." मी नेहमीप्रमाणे मालिका लावून बसले. डाव्या पायावर दांडी गोल गोल, जाहिराती येऊन गेल्या तरी चालूच. गार गार बरं वाटतं ना! उजव्याला दोनदा पुसल्यासारखं केलं आणि चपला घातल्या.

भावोजींनी घड्याळ पाहिलं. "डाव्याला दहा मिनिटं आणि उजव्याला अर्धं? वहिनी, हा प्रयोग आहे का सावत्रपणा?"

"अहो, स्वतःचे पाय बोटांनी दहा मिनिटं कोण चोळत बसतं?"

बाकीच्या दोघींनीही हेच केलं होतं. मग पुन्हा पंधरा दिवस, घड्याळ लावून, दोन्ही पायांना दहा-दहा मिनिटं. दोन्ही सारखेच मऊ. लोहचुंबक नापास!

भावोजी आमच्या सोफ्यावर येऊन बसले. चहा गार झाला तरी कप उचलेनात. "तिला काय सांगू? महिनाभर ताटकळत ठेवलं मी तिला."

मी म्हटलं, "दहा मिनिटं तर पास झाली ना? मग ती द्या की."

दुसऱ्या दिवसापासून अंघोळ झाली, की भावोजी बुटक्या स्टुलावर आणि सुमनताईंचा पाय त्यांच्या मांडीवर. ताईंना स्वतःला वाकता येत नव्हतं. एकदा मी वाटी परत द्यायला गेले, तर सुमनताई मला म्हणतात, "बेचाळीस वर्षं संसार केला, आता कुठे पाय धरायची अक्कल आलीय."

"बोलू नकोस, पाय हलतो," भावोजी मान वर न करता म्हणाले.

हळूहळू ओरखडे सुकले, बाई गाढ झोपायला लागली. "घोरते हो!" भावोजी लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत सुटले.

मागच्या वर्षी भावोजी गेले. अगदी अचानक. दिवसकार्य आटोपल्यावर मी वर गेले, तर सुमनताई क्रीमची बाटली हातात धरून बसलेल्या, पाय पुन्हा पांढरे पडायला लागलेले. मी स्टूल ओढलं, गुडघे कुरकुरले, पण बसले.

"दहा मिनिटं लागतात हं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे हो मला."

आता रोज जाते. क्रीम केव्हाच मुरलेलं असतं, पण त्यांचं सांगणं संपलेलं नसतं, आणि अजून दुसरा पाय बाकी असतो.