म्हशींचे पंखे आणि माझा हिशेब

बापूंच्या गोठ्यातल्या मीटरसमोर मी उभा होतो आणि मीटर सुसाट पळत होता.

मी एनर्जी ऑडिटर. म्हणजे वीज कुठे वाया जाते ते शोधायचं आणि ती वाचवून दाखवायची. बापूंचे जुने, घरघरणारे पंखे काढून मी नवे बसवले होते. वारा तेवढाच, वीज निम्मी. दूध संस्थेच्या चेअरमनना मी छातीठोकपणे सांगितलं होतं, "युनिट निम्मी झाली तरच गावातल्या बाकी गोठ्यांचं काम मला द्या." ते आज बघायला येणार होते. आणि युनिट आधीपेक्षा जास्त!

"बापू, पंखे किती वेळ चालवता?"

"दिसरात. वीज खात न्हाईत म्हणून तुम्हीच सांगितलं की!"

आधी ते फक्त दुपारी लागायचे. मी वर पाहिलं. पंखे दुप्पट झाले होते.

"आणि हे जादाचे?"

"वाचलेल्या विजंत बसवलं. ह्या बाजूच्या म्हशींनी कुणाचं घोडं मारलंय?"

पलीकडे मोटर लावून पाण्याचे फवारे सुरू होते. त्याखाली सुंदरी नावाची म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती. शेजारी बाजेवर बापूंच्या पत्नी, आक्का, भाजी निवडत बसल्या होत्या.

"घरापरास हितं गार लागतंय," आक्का म्हणाल्या.

हातचं काम निसटत होतं, तरी मला हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

तेवढ्यात चेअरमन आले. त्यांनी मीटर बघितला, मग मला बघितलं. "काय ओ सायेब, निम्मं म्हणालतासा न्हवं?"

"एका पंख्यामागं निम्मंच आहे," मी पुटपुटलो. "पण पंखे..."

बापू मध्येच गरजले, "मीटर काय बघताय चेअरमन, दूध बघा की! उन्हाळ्यात आटायचं, ते ह्या खेपेला वाढलंय. आन् सुंदरी बघा. दिवाळी पाडव्याला म्हशींच्या मिरवणुकीत हिच्यापुढं कोण टिकतंय?"

चेअरमन सुंदरीभोवती एक फेरी मारून आले. पाठीवरून हात फिरवला. चांगली म्हैस समोर असली की आमच्या भागातला माणूस मीटर विसरतो.

"माझ्या गोठ्यात कवा बसवतासा?" त्यांनी विचारलं.

मी आनंदानं आक्कांच्या शेजारी बाजेवरच बसलो. पुढं गावभर पंखे लागले, फवारे लागले, आणि गावाचा ट्रान्सफॉर्मर कमी पडून मोठा आणावा लागला. वीज वाचवायला गेलो होतो मी!

हल्ली रिपोर्टात मी एका पंख्यामागची बचत तेवढी लिहितो. एकूण वीज किती लागेल, ते म्हशींना विचारा.