बशी हलायला नको

दर्यापूरला आमच्या शेजारी तो फवारणीचे पंप दुरुस्त करायचा. पंप जुळला की पाणी स्वतःच्याच तळहातावर उडवून म्हणायचा, "चाल्ला!" त्याचा हात सतत थरथरायचा. बोंडअळीच्या त्या वर्षांत गिऱ्हाईक खूप, त्यातले काही खुशाल विचारत, "काय बे, सकाळीच घेतली का?"

त्याने घेतलेली असायची गोळी. पूर्वी त्याला नसलेल्या माणसांच्या शिव्या ऐकू येत. गल्लीतला मी एकटा पदवीधर, म्हणून डॉक्टरांकडे मला सोबत न्यायचा. त्यांनी समजावले होते: मेंदूतल्या एका रसायनाचा जोर ही गोळी कमी करते, म्हणून आवाज थांबतात, हालचालही त्याच रसायनावर चालते, म्हणून हात थरथरतो. त्यावर उपाय आहे, पण गोळी मनाने सोडायची नाही.

त्याला बघायला मुलीकडचे येणार म्हणून त्याच्या भावाने आठवडाभर गोळी बंद करायला सांगितले. "बशी हालली तं सोयरीक जाते!" आवाज परत आले तरी चालतील, बशी हलायला नको!

पोहे आले तेव्हा पाहुण्यांसमोरच त्याने गोळी गिळली. "मामाजी, मले नसलेले आवाज येत होते. हिच्यानं बंद आहेत. हात बी हिच्यानंच हालते."

पाहुणे उठले. भावाने त्याला अंगणात उभे करून शिव्या दिल्या. गल्लीने माना डोलावल्या.

सकाळी त्याने हळूच विचारले, "सर, कालच्या शिव्या खऱ्याच होत्या ना?"

"खऱ्याच."

"मंग गोळी बराबर काम करून राहिली," म्हणत त्याने तळहातावर पाणी उडवले.