पोरींची बोटं

निजामाच्या काळात पुसेगावात बांगड्या भरायला येणारे मनियारचाचा पोरींच्या बोटांवरून गावोगावच्या शाळा तोलायचे.

"वसमतला बोटं शाईनं निळी! सरहद्दीच्या नाक्यापल्याड वऱ्हाडात मनगटापर्यंत पाटीची धूळ! आन् तुमच्या गावात? नुसती हळद!"

माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी हट्टानं मी शाळेत जाऊन बसले.

पुढच्या खेपेला चाचांनी माझा हात धरला आणि ओरडलेच, "शाई! पुसेगावात शाई!" बांगड्या तिथंच टाकून ते गल्लीभर सांगत सुटले. धापा टाकत परतले, माझा डावा हात कोपरापर्यंत भरला, उजव्यात मात्र एकच बांगडी.

आई चिडली, "असं काहून?"

"लिहिताना आड येत्यात, भाभी. बाकीच्या बांगड्या हिची शाळा संपल्यावर भरतो."