माईकसमोरची अहिराणी

भाषाशास्त्र आणि कम्प्युटर हे दोन विषय पदवीला मी एकत्र घेतले, ते कुणाला बरं वाटावं म्हणून नाही. कम्प्युटरला आमची अहिराणी ऐकायला शिकवायची होती. गावात त्याचं हसं झालं, पुण्याच्या कॉलेजात सल्ले मिळाले. "दोन डगरींवर हात ठेवू नका," सर म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांचं बोलणं रेकॉर्ड करून आणा, नाही तर भाषाशास्त्र सोडा, असं त्यांनी बजावलं.

आमचं गाव सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठावर. दिवसभर अहिराणीचा दणका चालू असतो, त्यामुळे हे काम हातचा मळ वाटत होतं.

माईक लावला आणि बा आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला. घसा खाकरून म्हणाला, "नमस्कार. पपई हे आमचे मुख्य पीक आहे." काकू शाळेतल्या धड्यासारखी बोलली. मायसुद्धा, जिच्या तोंडात कधी 'आहे' आलं नाही, ती म्हणाली, "स्वयंपाक झालेला आहे." मी विनवण्या केल्या. बा म्हणाला, "यंत्रना म्होरे चांगलं बोलनं पडस, बेटा." मला त्याचा नाही, पण हे 'चांगलं' त्याच्या डोक्यात घालणाऱ्या सगळ्यांचा संताप आला.

रेकॉर्डिंग सरांना पाठवलं. त्यांचा फोन आला. "तुमची बोली तर संपलीच की. आता सोडून द्या तो विषय."

मी नाही म्हणाले. पुढे काय करायचं ते मात्र कळेना. माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिला सांगितलं, "सर म्हंतस, आपली बोली सरनी. इषय सोडी दे."

मायचा हात थांबला.

"त्या कोन सांगनारा? बोली सरनी म्हने! मंग मी सकायपशी काय बोलस? आन तू कसाले रडस? दोन्ही इषय धर. येक बी सोडशी, ते घर येऊ नको!"

तिचा पट्टा बराच वेळ चालला. त्यात सर आले, त्यांचं कॉलेज आलं, शेवटी बाचा इस्त्रीचा शर्टही आला. मग तिला फळीवरच्या माईकचा लाल दिवा दिसला. सकाळी पुन्हा एकदा रेकॉर्ड करून पाहिलं होतं, तेव्हापासून तो बंद करायचा राहूनच गेला होता.

"पुसी टाकू का?" मी विचारलं.

पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्यासले ऐकू दे."

सुट्टीनंतर सगळ्या वर्गासमोर मी ते लावलं. मायचा आवाज भिंतींवर आदळत होता. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "बाई चांगल्याच तापल्यात. कुणावर?"

"तुमच्यावर, सर," मी म्हणाले.