पाचवी पायरी

ती घटना आजही आठवते. विसरायची म्हटलं तरी सोय नाही, नवरात्र आलं, घरात गोलूच्या, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांवर बसवायच्या, बाहुल्या मांडायची वेळ झाली, की बायको विचारते, "यंदा पायऱ्या किती, इन्स्पेक्टरसाहेब?"

गुडघ्यांनी माझ्याआधी राजीनामा दिला म्हणून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच्या दोन वर्षं आधीची ही गोष्ट. कुंभकोणमला एका ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. आमचं घर तंजावरी मराठी, त्यामुळे हुकूम तमिळमध्ये सोडायचो आणि बोलणी मराठीत खायचो.

बाजारातल्या एका सराफानं दुकान नव्यानं सजवलं. दागिन्यांचे डबे आणि काउंटरवरची मांडणी, दोन्ही कामं एका बाईला दिली होती. चाळिशी ओलांडलेली, घरीच पुठ्ठा कापून, मखमल चिकटवून डबे करणारी. काउंटरवर तिनं निळ्या मखमलीच्या लाकडी पायऱ्या बसवल्या होत्या. खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर मधला दागिना यावा, असं मोजून. मखमलीची लव अशी लावलेली, की ठेवलेली वस्तू घसरू नये.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सात हिऱ्यांच्या कुड्यांची जोडी, खालच्या छोट्या पॅडसकट, नाहीशी झाली.

तक्रार नोंदवली, पंचनामा केला, नोकरांचे जबाब घेतले, दुकानाचा केर चाळला. कॅमेऱ्यात एवढंच दिसलं, की सकाळी ती बाई आली आणि वरच्या पायरीवर हात घालून काहीतरी ओढत होती. पुढे गिऱ्हाइकांच्या डोक्यांशिवाय काही दिसत नव्हतं. त्यात ठाण्यावर फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "डबेवालीचं घर बघा."

बाईला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या घरी जाऊन जबाब घ्यायचा, असा नियम आहे. तो मी पाळला. म्हणजे सकाळी दहा वाजता महिला कॉन्स्टेबलला घेऊन जीप तिच्या दारात उभी केली. गल्लीत जेवढी दारं होती, तेवढी उघडली.

"वरच्या पायरीवर काय करत होतात?"

"ती पायरी माझी नाही, सार. मी चार केल्या."

"दुकानात पाच आहेत. मी स्वतः मोजल्या."

"तुम्ही पाच मोजल्या असतील. मी चार केल्या."

"आणि कुड्या?"

"मी डबे करते, सार. आत काय ठेवतात ते बघायला मला कोण बोलावतं?"

तिनं कामाचं रेखाटन पुढे केलं. मी ते फाईलला लावलं आणि बघितलं नाही. स्वतः केलेल्या पायऱ्यांबद्दल जी खोटं बोलते, ती कुड्यांबद्दल खरं कशाला बोलेल, असा माझा तर्क. घराची झडती घेतली. चाळीस रिकामे डबे सापडले. तिसऱ्या दिवशी दोन दुकानांनी तिला कळवलं, की आता डबे नकोत. हे तिनं कॉन्स्टेबलला सांगितलं, मला नाही.

त्याच आठवड्यात नवरात्र बसायचं होतं. गोलूच्या पायऱ्या विषम हव्यात. तीन, पाच, सात. आमच्या मांडणीची एक फळी वाळवीनं खाल्लेली, उरल्या चार. मी म्हटलं, त्यात काय, आणि वर दोन ट्रंकांवर एक फळी टाकून पाचवी पायरी उभी केली. वरून बायकोचं रेशमी लुगडं अंथरलं. मग दुकान मांडून बसलेला चेट्टियार, म्हणजे वाण्याचा बाहुला, वर ठेवला. तो हळूच मागे सरकला, आणि फळी आणि भिंतीच्या मधून खाली गेला.

"चेट्टियार कुठं गेला?" मी विचारलं.

"वरची पायरी कुणी केली?" बायको म्हणाली.

"मी."

"मग मला काय विचारता? केलेल्याला विचारा."

मी तसाच ठाण्यात गेलो आणि फाईल उघडली. रेखाटनात चार पायऱ्या. पंचनाम्यात, माझ्याच अक्षरात, पाच.

दुसऱ्या दिवशी सराफाला विचारलं. तो म्हणाला, "आमच्या अम्माला चार चालेनात, सार. लक्ष्मीची जागा, गोलूसारख्या विषम हव्यात म्हणाली. उद्घाटनाच्या सकाळी सुतार बोलावून एक वाढवली. अम्मानं वर रेशीम घातलं." ते रेशीम बघूनच डबेवाली वैतागली होती आणि ते ओढून काढत होती. सुतारानं मागची फट बुजवली नव्हती. कामाबद्दल कुणी विचारू नये, म्हणून फोनही त्यानंच केला होता, हे त्यानं नंतर कबूल केलं.

पंचांसमोर वरची फळी काढली. मागे कुड्यांची जोडी पॅडवर जशीच्या तशी उभी होती. शेजारी आमच्या एट्टय्यांचं, म्हणजे हेड कॉन्स्टेबलांचं पेन. पंचनाम्याच्या दिवशी ते हरवलं होतं आणि त्यांनी आठवडाभर माझ्यावर आळ घेतला होता.

मी डबेवालीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, सार. पण फोन मला एकटीला आला. जीप गल्लीत आली होती."

म्हणून पुन्हा सकाळी दहा वाजता, तीच जीप, तीच कॉन्स्टेबल, अंगावर गणवेश. दारं उघडली. मी रस्त्यात उभा राहून, हजेरी घेताना लावतो त्या आवाजात सांगितलं, की कुड्या दुकानातच सापडल्या, या बाईंचा काही संबंध नाही, चूक माझी. समोरची म्हातारी म्हणाली, "त्या दिवशी एक तास होतात. आज लगेच निघालात?"

डबेवालीनं खुर्ची उंबऱ्याशी आणून ठेवली आणि नुकता चिकटवलेला एक डबा माझ्या हातात दिला. "दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरा. सुकेपर्यंत सोडू नका."

मी धरून बसलो. गल्ली येता-जाता बघत होती. थोड्या वेळानं एट्टय्यांनी जीपमधून विचारलं, "सार, निघायचं?"

"गोंद ओला आहे," मी म्हटलं.

झडतीच्या दिवशी मी एकच प्रश्न विचारायला हवा होता, "मग पाचवी कुणाची?" समोरचा माणूस आपल्या डोळ्यांविरुद्ध काही सांगतो, तेव्हा तो खोटंच बोलतो असं नाही. आपण मोजायला उशिरा आलेलो असतो. त्यानंतर नोकरीत चुकीच्या दारात मी आणखी दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्याच वेळेला, त्याच जीपनं त्या दारात परत जाऊन चूक सांगितली. त्यासाठी खात्यात छापील नमुना नाही, त्यामुळे फाईलला काही लावता आलं नाही.