अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलेलं पाणी

ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेतही जमलं नाही, आणि चौथीनंतर शाळा सुटलीच. अक्षरही ओळ सोडून खाली उतरतं. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांत लिहिते आहे. तिनं कधी ही वही उघडली, तर चुकांबद्दल मला माफ करावं. हे तोंडानं सांगणं माझ्यानं होत नाही. सांगायचं म्हटलं की सख्ख्या भावाबद्दल सांगावं लागतं.

आमचं घर अमडापुरात. मी ब्लाऊज शिवते. सासूबाईंना कमी ऐकू येतं. टीव्हीचा आवाज कितीही वाढवला, तरी दर दोन मिनिटांनी त्या विचारायच्या, "काय म्हणे ती?" धाकट्या भावाचं चिखलीला मोबाईल आणि टीव्हीच्या सामानाचं दुकान आहे. त्याला मी हे सांगितलं होतं. भाऊबीजेला तो मोटारसायकलवर मोठं खोकं बांधून आला. आत होम थिएटर होतं, एक मोठा डबा आणि चार छोटे स्पीकर.

"सात हजाराचा सेट हाये ताई," तो म्हणाला. "अर्धे पैसे मले दे. अर्धे म्हणजे माही ओवाळणी समज."

शिलाईचे साडेतीन हजार माझ्याजवळ होते. मी ते दिले आणि त्याला ओवाळलं. ताटात त्यानं वेगळं काही टाकलं नाही, पण मला केवढं कौतुक वाटलं! त्यानंच सेट जोडला. दोन स्पीकर टीव्हीजवळ ठेवले, दोन मागं सासूबाईंच्या खाटेवरच्या फळीवर. जोरात गाणी लावली. सासूबाई हसायला लागल्या, "आता तं बाई माह्या कानात बसून गाऊन राह्यली!"

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज कमी केला, तेव्हा मला घुईऽऽ ऐकू आली. मागच्या दोन्ही स्पीकरमधून येत होती, पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखी. सासूबाई तिच्या खालीच झोपलेल्या, त्यांना पत्ता नाही. यांना सांगितलं, तर म्हणाले, "दिवसभर मशीन चालवतं, तुह्याच कानात बसली हाये ते घुई."

मी भावाला फोन केला.

"तुमच्या घरची अर्थिंग बरोबर नसन ताई. खड्ड्यात मिठाचं पाणी टाक. पंधरा दिवस रोज टाक, जाईन."

न्हाणीमागं अर्थिंगचा खड्डा आहे. त्यात लोखंडी सळई पुरलेली आहे आणि तिची तार घरात आली आहे. जमीन वाळली की अर्थिंग धरत नाही, हे मलाही माहीत होतं. म्हणून रोज सकाळी मूठभर मीठ आणि एक बादली पाणी टाकू लागले. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. सासूबाई कावल्या. "अव, खड्ड्याले बादलीभर पाजतं, अन् मले आंघोळीले दोन तांबे?"

पंधरा दिवस झाले. घुई तशीच. पुन्हा फोन केला. तो म्हणाला, "वायरी फ्रीजजवळून गेल्या असतीन, दूर घे." मी खिळे ठोकून वायरी दुसऱ्या भिंतीनं नेल्या. जराशी कमी झाल्यासारखी वाटली. "पाय, मी म्हणलं नव्हतं?" तो खूश होऊन म्हणाला. मीही खूश झाले. दोन दिवसांनी कळलं, की काही कमी झालेली नाही.

मग एका दुपारी मीच बसले. टीव्हीची वायर काढली, तरी घुई. मोठ्या डब्याला मागच्या स्पीकरच्या पिना पुढच्या स्पीकरच्या भोकांत लावल्या आणि पुढच्यांच्या मागच्यांच्या भोकांत. आता घुई पुढून येऊ लागली, मागचे गप्प! म्हणजे स्पीकर चांगले होते. अर्थिंगचा दोष असता, तर चारही घुमले असते, म्हणजे अर्थिंगही चांगली होती. दोष मोठ्या डब्यात होता. गणित सुटल्यासारखं वाटलं मला. लगेच भावाला सांगितलं.

तो म्हणाला, "तू चौथी शिकेल, तुले काय समजते त्यातलं? हात नको लावू, वॉरंटी जाईन."

वॉरंटीचा कागद त्यानं दिलाच नव्हता.

बाजाराच्या दिवशी डबा जुन्या साडीत बांधून मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. म्हातारा माणूस. त्यानं मागचे स्क्रू पाहिले, झाकण काढलं आणि आत हिरव्या शाईची फुली दाखवली.

"हे माह्या हातची खूण हाये बाई. दिवाळीच्या आधी मीच उघडला होता हा. कुठून घेतला?"

मी दुकान सांगितलं. भाऊ आहे, हे सांगितलं नाही.

"कोण्या गिऱ्हाइकानं त्याले वापस केला होता. मी सांगतलं ना त्याले, मागची घुई निघत नाही, बोर्डच खराब हाये, कोणाच्या गळ्यात नको मारू म्हणून. काऊन दिला त्यानं तुमाले?"

मी साडीची गाठ पुन्हा बांधली. घरी येईपर्यंत एकच डोक्यात होतं. मी खड्ड्यात पाणी ओतत होते, तेव्हा त्याला सगळं माहीत होतं. पैशाचं एवढं लागलं नाही. पंधरा दिवस त्यानं मला रोज बादली उचलू दिली.

मला चार माणसांत बोलता येत नाही. तरी चिखलीला गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. डबा काउंटरवर ठेवला.

"ये ताई, बस. चहा सांगू?"

"आत हिरवी फुली हाये," मी म्हणाले. "ज्यानं मारली, त्यानं सांगतलं मले."

त्याचा चेहरा उतरला. एक गिऱ्हाईक विचारू लागलं, काय झालं म्हणून. तो हळूच म्हणाला, "बदलून देतो ना, नवा देतो. घरचीच तं हायेस तू. म्हणलं तुह्या घरी चालून जाईन."

परक्याला दिला असता तर भांडला असता. मी भांडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून माझ्या घरी चालणार होता.

"नवा नको. पैसे दे."

हजार त्यानं तिथंच दिले. पुढचे हजार महिन्यानं भावजयीच्या हाती आले, सोबत चिवड्याचं पाकीट. ते मी घेतलं नाही. नंतर दोन महिने काहीच नाही. यांनी म्हटलं, सोड आता. सासूबाई म्हणाल्या, "काऊन सोडावं? शिलाई काय त्यानं मारली होती?" पहिल्यांदाच त्या माझ्या बाजूनं बोलल्या.

काल दुपारी तो स्वतः आला. मशीनच्या फळीवर त्यानं दीड हजार ठेवले.

"झाले ना ताई सगळे?"

"हाव," मी म्हणाले. "झाले."

तो थोडा वेळ दारात उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं नाही.